सतरा नंबर

रविवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी
फलज अल कबाइलच्या खोलीत
वरच्या बंकवर पालथा पडून
मी सोहार बंदराजवळचं ऑफिस जागं करतो.

अकरा ओळींची स्क्रिप्ट आहे.
दोन माझ्या, मागच्या रमजानात लिहिलेल्या.
नऊ माझ्या आधीच्या माणसाच्या.
तो सामान बांधून गेला, ओळी राहिल्या.

इथून मारलेली हाक वेशीवरच अडते,
म्हणून ऑफिसात काडेपेटीएवढं एक यंत्र
कायम जागं ठेवलंय.
मी त्याच्या कानात सांगतो,
ते आत ओरडतं:
आधी सहा वेळा एफएफ, दारावर थापा माराव्यात तसं,
मग नाव. सोळा वेळा.
बारा अक्षरांचं, जिभेवर न बसणारं.
एकतीस मशिनं, एकतीस नावं.
ऐकतात सगळी.
उठतं ज्याचं नाव तेच.

आमच्याकडे गुहागरला सांगायचे,
रात्री कुणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नये.
दुसऱ्या हाकेलाही नाही.
तिसरी आली तर समजावं, माणूस आहे.
ते दुसरं असतं त्याला तीनपर्यंत मोजता येत नाही.
मशीन म्हणजे आमच्यापेक्षा पाचपट भित्रं,
किंवा पाचपट शहाणं.

काळ्या पडद्यामागे, थांबलेल्या पंख्यामागे
एक हिरवा ठिपका तेवढ्यासाठी जागा असतो.
पण ओ येत नाही.
ही हाक उत्तर मागतच नाही.
दोन मिनिटं थांबून मी एकेकाला पिंग करतो.
बिनोय खाली कूस बदलतो, बंक हलतो.
तीस.

सतरा नाही.

सलग पाच रविवार सतरा नाही.
मी बायोस उघडून पाहिलं, केबल बदलली, पोर्ट बदललं,
नाव सोळाच्या जागी बत्तीस वेळा घेऊन पाहिलं.
आठ वाजता शम्सा यायची,
बोटाने बटण दाबायची, मशीन चालू व्हायचं,
आणि ती माझ्याकडे बघायची.

सहाव्या रविवारी मीच गेलो,
पाचशे बैसा देऊन, पाचच्या आधी.
अंधारातही चौतीस डिग्री, चष्म्यावर वाफ.
ऑफिसचा मेन बंद होता,
चालू फक्त मशिनांची लाइन, यूपीएसवरची.
सतराचा प्लग उपटून नीट बाजूला ठेवलेला.
त्याच्या जागी चार्जर,
चार्जरच्या टोकाला फोन,
फोनच्या टोकाला डंबर, सफाईचा,
टेबलाखाली उकिडवा, मॉप खांद्याला टेकवून.
तिकडे पावणेसात वाजले होते,
आणि रविवार तिथे शाळेचा.

पडद्यावर नुसती चादर दिसत होती.
सम्झना. ए सम्झना. सम्झना, उठ.
सवय वाईट, मी मोजत होतो.
नवव्या हाकेला चादर हसली.
झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात.
येतं. बाराव्या हाकेला.
चादरीतून आवाज आला:
हजुर.

मी आलो तसा मागे फिरलो
आणि लिफ्टपाशी उगाच उभा राहिलो,
बटण न दाबता.

मल्टिप्लग दीड रियालला मिळतो, माहीत आहे.
पण नेऊन ठेवला तर सांगावं लागेल, का ठेवला.
डंबरला कळेल की मला कळलं.
मग तो प्लगला हात लावायचा नाही.

म्हणून नावांच्या यादीत सतराच्या आधी
दोन आडव्या, दोन उभ्या रेघांची एक खूण टाकली.
ती असली की स्क्रिप्ट थांबत नाही,
त्या नावाकडे न बघता पुढे जाते.
शम्साला म्हटलं, कार्ड खराब आहे,
नवीन मागवलंय, मस्कतहून येईल.

आज पुन्हा रविवार. पाच दहा.
तीस हिरवे.
सतरा नंबर आठपर्यंत झोपतं.